तीन निळे आणि खिडकीचं टेबल

घड्याळ दुरुस्तीच्या त्या खोलीत टेबलं चार होती आणि खिडकी एक. भांडण लागायला एवढं पुरतं. खिडकी उत्तरेकडची, म्हणजे ऊन अंगावर येत नाही, पण उजेड सकाळपासून पार संध्याकाळपर्यंत एकसारखा. त्या उजेडात केसाएवढी स्प्रिंगसुद्धा आपण होऊन समोर येते. बाकीच्या तीन टेबलांना दिवे होते. पण दिवा एका बाजूला उजेड पाडतो आणि दुसऱ्या बाजूला सावली ठेवून जातो, आणि पडलेला स्क्रू नेमका सावलीतच जातो हे कोणताही कारागीर सांगेल.

हे टेबल कोणाचं, यावरून पूर्वी इतकी धुसफूस व्हायची की दुकानाच्या मालकांनी एकदा वैतागून नियमच करून टाकला. मालक रग्बीचे वेडे. दरवर्षी थंडी सरत आली की सहा देश आपसात रग्बी खेळतात, ती स्पर्धा ते जिवाचा कान करून ऐकायचे आणि पुढे टीव्ही आल्यावर बघायचे. त्यांनी ठरवलं, स्पर्धेआधी प्रत्येक कारागिराने सहा संघ कोणत्या क्रमाने येतील ते शाईने लिहून द्यायचं. ज्याचा अंदाज सर्वांत जवळचा, वर्षभर खिडकी त्याची. ना ज्येष्ठता, ना वशिला. मालक गेले, मुलगी दुकान बघू लागली. तिला सगळे बाई म्हणत. बाईंना रग्बीत काडीचा रस नव्हता, पण वडिलांचा नियम म्हणजे त्यांच्या लेखी काळ्या दगडावरची रेघ.

चौघांतले सर्वांत जुने कारागीर मिनिटकाका. काहीही विचारा, आधी 'एक मिनिट हं' म्हणणार, म्हणून हे नाव. तेवीस वर्षांत खिडकी त्यांना एकदाही मिळाली नव्हती. त्यांचा अंदाज दरवर्षी शेवटचा यायचा. बरं, एखाद्या वर्षी चुकून शेवटून दुसरा यावा, तर तेही नाही. काका त्याचं काही वाटून घेत नसत. "मला दिवा पुरतो," म्हणायचे आणि मान खाली घालून कामाला लागायचे.

यंदा दिवा पुरत नव्हता.

आठ-नऊ महिने झाले, डोळ्यांपुढे धुकं येत होतं. काचेवर कोणी श्वास सोडावा तसं, आणि पुसायला गेलं तर पुसलं जात नव्हतं. काकांनी हे कोणालाही सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा. डॉक्टरकडे गेले नव्हते, कारण गेलं की तो काहीतरी सांगणार, आणि सांगितलं की ते खरं होणार. शिवाय एक भीती होती. दोन वर्षांपूर्वी एका जुन्या सोबत्याचा हात थरथरायला लागला, तेव्हा बाईंनी मोठ्या मायेने त्याला पुढे पट्ट्यांच्या काउंटरवर बसवलं होतं. तिथे गिऱ्हाइकाच्या मनगटाला पट्टा लावायचा आणि भोक पाडून द्यायचं. तो माणूस दीड महिन्यात यायचाच बंद झाला. काकांना तो काउंटर स्वप्नात दिसायचा, आणि स्वप्नात मेला अगदी स्वच्छ दिसायचा.

खिडकी मिळाली तर अजून दोन वर्षं निघतील, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. आणि खिडकीची वाट रग्बीतून जात होती. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तो खेळ समजून घ्यायचं ठरवलं.

गुरू म्हणून त्यांनी वकील निवडला. वकील म्हणजे कोर्टातला नव्हे. तोही कारागीरच, पण सूर्य पूर्वेला उगवतो म्हटलं तरी 'त्यात एक मुद्दा आहे' म्हणणारा. सध्या खिडकीत तोच बसत होता.

"वकीलसाहेब, तो चेंडू असा अंड्यासारखा का असतो?"

"काका, तेवीस वर्षांनी विचारताय?"

"एक मिनिट हं. आणि पुढे जायचं असताना चेंडू मागे का फेकतात?"

"नियमच आहे तो. हाताने चेंडू पुढे टाकायचा नाही. मागच्याला द्यायचा आणि मग त्याने घेऊन पुढे पळायचं."

"म्हणजे पुढे जायला मागे द्यायचं."

"बरोबर."

"आणि आधी बाहेर कोण जातं?"

"कोणी बाहेर जात नाही. प्रत्येक जण प्रत्येकाशी खेळतो. जिंकल्याचे गुण चार, चार ट्राय केले, म्हणजे चारदा चेंडू त्यांच्या रेषेपलीकडे टेकवला, तर एक जास्तीचा, थोडक्यात हरलं तरी एक. पाचही सामने जिंकले तर आणखी तीन. हे तक्त्यातले गुण हं. सामन्यातले वेगळे. ट्रायचे पाच, वरून किकचे दोन..."

काकांनी दिव्याची मान खाली केली, वर केली, पुन्हा खाली केली. हरूनही गुण मिळतात हे त्यांच्या पचनी पडेना. "आणि शेवटी आला त्याला काय?"

"लाकडी चमचा."

"तो कोण देतं?"

"कोणी देत नाही. नसतोच तो. नुसतं म्हणायचं."

नसलेला चमचा, न देता, शेवटच्याला मिळतो. काका त्या दिवशी घरी गेले ते डोक्यात चमचा घेऊनच.

सोपं पडावं म्हणून दुकानात संघांना जर्सीच्या रंगांनी ओळखत: हिरवे, लाल, पांढरे, गडद निळे, निळे आणि आकाशी. सहांत तीन निळे! तीन तिघाडा काम बिघाडा म्हणतात ते काय उगाच? भिंतीवर सहाही जर्सींचं चित्र लावलेलं होतं. पूर्वी काकांना त्यातले तिन्ही निळे वेगळे दिसायचे. आता एकाच कापडाचे तीन तुकडे दिसत. ते चित्राजवळ जाऊन उभे राहिले, मग दूर जाऊन उभे राहिले. पाठीमागे कोणीतरी काम थांबवल्यासारखं वाटलं, तेव्हा ते भिंतीवरची धूळ झटकून जागेवर आले. चोराच्या मनात चांदणं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पैलवानाला गाठलं. हा गडी सहा फुटांच्या वर, तरुणपणी खरोखर रग्बी खेळलेला. त्याचं नाक त्याची साक्ष देत होतं. काम मात्र करायचा बायकांच्या नखाएवढ्या घड्याळांचं.

"हिरवे," पैलवान म्हणाला. "डोळे झाकून हिरवे लिहा."

"साफ खोटं," मागून वहिनी म्हणाल्या. वहिनी चौथ्या टेबलावर बसत. कोणाची वहिनी ते आता कोणाला आठवत नव्हतं, पण त्या सगळ्यांच्या होत्या. "हिरव्यांची पोरं दमलीत. यंदा पांढरे."

"पांढरे?" वकील खिडकीतून ओरडला. "पांढऱ्यांचा नवा प्रशिक्षक कोण आहे माहितीये का? निळे येणार, निळे!"

"कोणते निळे?" काकांनी विचारलं, पण ते कोणाच्या कानावर गेलं नाही. तिघांची अशी जुंपली की पुढून बाई आल्या आणि दार लोटून घेऊन गेल्या. काकांनी तिघांचं म्हणणं एका पाकिटाच्या पाठीवर टिपून घेतलं होतं. वाचायला गेले तर तीन क्रम एकमेकांत गुंतलेले, आणि एका ओळीत लाल संघ दोनदा.

याच सुमाराला दुसरी एक गोष्ट घडली. काकांच्या टेबलावर एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाचं सोन्याचं लहान घड्याळ आलं होतं. ते त्यांनी उघडलं, साफ केलं, आणि जोडताना एक स्क्रू चिमट्यातून निसटला. दिसायलाच तयार नाही. पाच वाजेपर्यंत काका टेबलावर बोटं फिरवत राहिले. शेवटी घड्याळ काचेच्या झाकणाखाली ठेवून ते घरी गेले, आणि रात्रभर त्यांना डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी दबकत झाकण उचललं. स्क्रू जागेवर होता. घड्याळ चालत होतं.

"मीच बसवला असणार," काका स्वतःशी म्हणाले. आणि लगेच, "पण कधी?"

हे काही पहिल्यांदा झालं नव्हतं. मागे एक काटा त्यांनी वाकडा बसवलाय अशी शंका होती, दुसऱ्या दिवशी तो सरळ होता. डोळे बिघडले ते बिघडले, आता डोकंही निघालं की काय? पण एक गोष्ट त्यांच्या बाजूने उभी होती. या आठ-नऊ महिन्यांत त्यांच्या हातचं एकही घड्याळ तक्रार घेऊन परत आलं नव्हतं. एकही नाही. त्याचा ते मनातल्या मनात किती वेळा आधार घेत असत, ते त्यांचं त्यांना ठाऊक. डोळे गेले तरी हातांना रस्ता माहीत आहे, असं ते स्वतःला बजावत.

एका संध्याकाळी घरी काकूंनी सामानाची यादी दिली आणि काका बाजारातून येऊन पिशवी ओतू लागले.

"यादीत साबण सगळ्यात वर लिहिला होता. तोच विसरलात!"

"मी खालून सुरुवात केली. वर पोचेपर्यंत दुकान बंद झालं."

"अहो, जग वरून वाचतं!"

"आमच्या धंद्यात नाही." आणि ते खरंच होतं. घड्याळ उघडताना जो भाग आधी निघतो तो कागदावर वर लिहायचा, शेवटी निघतो तो तळाला. जोडताना यादी खालून वर वाचायची. काका सतराव्या वर्षी हे शिकले. बाकीचे तिघे आता मोबाइलवर फोटो काढून ठेवत. काका कागदच लिहीत, हल्ली जाड पेनाने.

अंदाज टाकायला दोन दिवस उरले, आणि एक चमत्कार झाला. सकाळी वकील स्वतःहून काकांच्या टेबलाशी आला. "काका, मी नीट विचार केला. लिहून घ्या. निळे पहिले, मग हिरवे, पांढरे, गडद निळे, लाल. शेवटी आकाशी."

जेवणाच्या सुट्टीत वहिनी शेजारी येऊन बसल्या. "काका, परवाचं विसरा. निळे, हिरवे, पांढरे, गडद निळे, लाल, आकाशी."

दुपारी पैलवानाने चहा आणून ठेवला आणि जाता जाता म्हणाला, "निळे पहिले काका. मग हिरवे." आणि पुढची चारही नावं त्याच क्रमाने.

काका पार बुचकळ्यात पडले. आज वार कोणता यावर ज्यांचं एकमत होत नाही, त्या तिघांचा क्रम अक्षर न अक्षर सारखा? "एक मिनिट हं," ते म्हणाले, "परवा तर तू हिरव्यांसाठी जीव देत होतास."

"माणूस सुधारतो, काका," पैलवान म्हणाला आणि घाईघाईने दुसरीकडे बघू लागला.

पण आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तेव्हा देवाची उलटतपासणी कोण घेतं? काकांनी संडासात जाऊन, तिथला बल्ब जरा बरा म्हणून, कागद भिंतीला लावला आणि सहा नावं आपल्या पद्धतीने, जाड पेनाने, वळणदार अक्षरात उतरवली. मग घडी करून पेटीत टाकली. पेटी म्हणजे एका जुन्या भिंतीवरच्या घड्याळाचं रिकामं खोकं. काटे जिथे असायचे त्या भोकातून कागद आत सोडायचा. पेटीत पडलं ते पडलं, हाही मालकांचाच नियम.

पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी चार वाजता, बाई चष्मा लावून खोलीत आल्या. अंदाज मोठ्याने वाचून भिंतीला टाचायचे, म्हणजे नंतर कोणी हात वर करायला नको. पैलवान दाराला टेकून उभा होता. वहिनी रुमाल घडी करत होत्या, उलगडत होत्या, पुन्हा करत होत्या. काकांच्या छातीत दोन-तीन घड्याळं एकदम चालू होती.

"वकील," बाईंनी पहिला कागद उघडला. "आकाशी, लाल, गडद निळे, पांढरे, हिरवे, निळे." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "आकाशी पहिले? मला रग्बी कळत नाही, पण एवढं मलाही कळतं."

"त्यात एक मुद्दा आहे," वकील म्हणाला, पण मुद्दा काही पुढे आला नाही.

"वहिनी. आकाशी, लाल, गडद निळे, पांढरे..." बाई थांबल्या. "पुढे तेच. पैलवान... तेच. अरे, तू तर खेळलायस!"

पैलवान बुटाची नाडी बांधायला खाली वाकला.

बाईंनी चौथा कागद उघडला. काकांचं अक्षर लांबूनही वाचता येण्याइतकं मोठं होतं. "आकाशी," बाई सावकाश म्हणाल्या, "लाल, गडद निळे, पांढरे, हिरवे, निळे."

वकिलाने कपाळावर हात मारला. वहिनींच्या तोंडून 'अगंबाई' निघालं.

काका मात्र खुलले होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांचा कागद जाणकारांच्या कागदाशी जुळला होता. "सगळ्यांचं एकमत झालं बाई," ते म्हणाले. "मी यांनाच विचारून लिहिलं."

"यांनी तुम्हाला आकाशी जिंकणार म्हणून सांगितलं?"

"छे! निळे जिंकणार. बघा की, तळाला निळेच आहेत."

"तळाला?"

"एक मिनिट हं. जो आधी निघतो तो वर. शेवटपर्यंत टिकतो तो तळाला. खालून वाचायचं."

बाईंनी कागदावर तळापासून वर बोट फिरवलं.

"काका," वकील म्हणाला आणि त्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता, "म्हणजे तेवीस वर्षं तुम्ही हा कागद उलटा भरताय?"

"उलटा कसा? तुम्हीही तसाच भरलाय ना?" काकांनी एकेकाकडे पाहिलं. धुक्यातून तीन चेहरे दिसत होते, आणि तिन्ही खाली वळले. "तुम्ही वरून लिहिलंत?"

"हो."

"म्हणजे तुमचे आकाशी खरोखर पहिले."

"हो."

"पण मला तर निळे सांगितलेत."

बाई चारही कागद हातात धरून तिघांकडे बघत होत्या. "तुम्हाला हरायचं होतं," त्या म्हणाल्या. "तिघांनाही. का?"

"खिडकीत गार वारा लागतो, बाई," वहिनी म्हणाल्या. इतकं वाईट खोटं त्या आयुष्यात कधी बोलल्या नसतील.

काका उठून उभे राहिले. त्यांच्या मनात काहीतरी एकेक करून जागेवर बसत होतं, खालून वर. वारा नाही. खिडकी. उजेड. भिंतीवरचं चित्र. पाठीमागे थांबलेलं काम. झाकणाखालचा स्क्रू.

"पैलवान," ते म्हणाले. "त्या सोन्याच्या घड्याळाचा स्क्रू कोणी बसवला?"

पैलवानाने आपल्या मोठ्या हातांकडे पाहिलं. "वहिनींनी शोधला," तो म्हणाला. "टेबलाच्या पायाशी होता. मी फक्त बसवला."

"आणि तो काटा?"

"तो मी," वकील म्हणाला.

"आणि बाकीची? गेल्या आठ-नऊ महिन्यांतली?"

वहिनी जवळ आल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "सगळी नाही, काका. काही तुमची तुम्हीच केलीत."

सगळी नाही. काका खुर्चीत बसले. त्यांना फार लाज वाटली. त्यांचा एवढा मोठा अभिमान, परत न आलेली ती घड्याळं, सगळा या तिघांनी रोज संध्याकाळी गुपचूप दुरुस्त करून ठेवला होता. मग लाजेच्या मागून दुसरं काहीतरी आलं, आणि त्याने त्यांचे डोळे आणखीच धूसर झाले. त्यांनी खिशातून भिंग काढलं आणि बाईंच्या हातात ठेवलं.

"बाई, मला नीट दिसत नाही," ते म्हणाले. 'एक मिनिट' न म्हणता म्हणाले. "पट्ट्यांच्या काउंटरवर बसवा. पण आज नको. सोमवारपासून."

बाईंनी ते भिंग तळहातावर उलटंसुलटं केलं. "माझ्या वडिलांनाही असंच झालं होतं," त्या म्हणाल्या. "मोतीबिंदू. टीव्हीला नाक लावून बसायचे आणि म्हणायचे, यंदा मैदानावर फार धुकं आहे. ऑपरेशन झालं तेव्हा पहिली शिवी मला दिली, आधी का नेलं नाहीस म्हणून." त्यांनी भिंग काकांच्या खिशात परत टाकलं. "तुमचं तेच आहे की आणखी काही, ते डॉक्टर सांगेल. काउंटरचं नंतर बघू. डॉक्टर आज सहापर्यंत असतो. उठा."

"आत्ता?"

"मग काय आकाशी जिंकायची वाट बघताय?"

वकील तोवर खिडकीच्या टेबलावरची आपली हत्यारं गोळा करायला लागला होता. बाईंनी त्याला तिथेच अडवलं. स्पर्धा व्हायची आहे, पेटीत पडलं ते पडलं, आणि नियम म्हणजे नियम. चारही कागद त्यांनी भिंतीला एकाखाली एक टाचले. चौघांचे गुण सारखेच होणार हे सांगायला रग्बी कळायची गरज नव्हती.

"आणि सारखे झाले तर टेबल कोणाचं?" काकांनी विचारलं.

बाईंनी वडिलांचे सगळे नियम मनात चाळले. "हे त्यांनी कुठे लिहून ठेवलेलं नाही," त्या म्हणाल्या.

"मग चौघांनी खिडकीतच बसायचं," वकील म्हणाला. "मांडीला मांडी लावून. यात मात्र काही मुद्दा नाही."

वहिनी हसल्या आणि त्याच रुमालाने डोळे पुसू लागल्या. काकांनी खुंटीवरचा कोट चाचपडत शोधायला हात पुढे केला. पैलवानाने तो आधीच काढून उघडून धरला होता. काकांना शोधावं लागू नये म्हणून त्याने बाही नेमकी त्यांच्या हाताशी आणली, आणि या वेळी ते लपवायचा कोणी प्रयत्न केला नाही.